पत्र्यावरचे सेल

जानरावाला आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, पण लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कान बंद झाले की डोळे नको तेवढं काम करायला लागतात. नळावर दोन बायका हसल्या की त्या आपल्यालाच हसल्या. पोरगा सुनेच्या कानाशी लागला की म्हाताऱ्याचं काय करायचं याचीच मसलत चालली. त्याचा हा अंदाज कधी चुकला नाही. चुकला असता तरी चूक दाखवणाऱ्याचं ऐकू यायला हवं ना!

अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यानं एकतीस वर्षं काढली. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या दोन रांगा आणि मधल्या बोळात हा. तिथं माणूस माणसाच्या अंगावर ओरडला तरी ऐकू जात नसे. आधी डावा कान गेला, मग उजवा, आणि नोकरी संपली तेव्हा दोन्ही कानांची दारं लागलेली होती. बायको सुंदराबाई त्याआधीच वारली. थोरली पोरगी केशर लग्न होऊन गेली. घरात उरली सून इंदूबाई आणि धाकटी मैना, जी मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला जात होती. पोरगा पंजाबराव अमरावतीला एका कचेरीत कारकून होता. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा.

केशरच्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय जानराव कळायचा नाही. सहा वर्षांपूर्वी याच घरात, अंथरलेल्या याच सुती दरीवर केशरची बैठक झाली. मुलाकडचे लोक सरळ होते, त्यांनी काही लपवलं नाही. मुलाच्या काकानं चार माणसांत स्पष्ट सांगितलं की मुलगा धारणीच्याही पलीकडे जंगलखात्याच्या डेपोवर आहे, मुलीला तिथंच राहावं लागेल, पावसाळ्यात चार महिने रस्ता बंद असतो, माहेरी येणं-जाणं व्हायचं नाही. तुम्हाला चालेल का? जानरावाला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. पाहुणा आपल्याकडे बघून काहीतरी विचारतोय एवढं त्याला दिसलं. बहिरा म्हणतील म्हणून तो हसला आणि मान हलवून म्हणाला, "हो, हो." चार माणसांत दिलेला शब्द तो शब्दच. केशर मेळघाटात गेली. दोन वर्षांनी ऐन पावसात तिचे दिवस भरले तेव्हा नदीला पूर होता, दवाखान्याची जीप अलीकडेच थांबली. केशर वाचली, पोर राहिलं नाही.

तेव्हापासून जानरावाच्या पोटात एकच प्रश्न होता. त्या खोलीत पंजाब बसला होता. दाराआड इंदू होती. सगळ्यांनी ऐकलं, मग मला कोणी थांबवलं का नाही? हा प्रश्न त्यानं कोणाला विचारला नाही. उत्तर त्यानं स्वतःच ठरवून टाकलं: यांना पोरीचं ओझं घालवायचं होतं. शिवाय त्याला चांगलं आठवत होतं की त्या दिवशी इंदू दारात येऊन हात नाचवत होती. हसत होती मेली!

गेल्या दसऱ्याला पंजाबरावानं कानाचं मशीन आणलं. सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, सदऱ्याच्या खिशात ठेवायची; तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंड. डबीत एक पेन्सिल सेल. पहिल्यांदा लावलं तेव्हा कोणीतरी खोकल्याचा आवाज आला. जानराव दचकून मागं वळला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तो स्वतःच खोकला होता. मैना हसून हसून खाली बसली आणि तिचं हसू त्याला ऐकू आलं. त्या दिवशी जानराव रडला, हे खरं आहे. पण त्याला विचाराल तर तो डोळ्यात धूर गेला म्हणून सांगेल.

आता कान आले म्हणजे संशय जायला हवा होता. झालं उलटंच. आठ वर्षं त्याच्यासमोर लोक मोकळेपणानं बोलत आले होते. आता वायर दिसली की आवाज खाली जायचा. जानरावानं ते बरोबर हेरलं. मग तो दिवसभर मशीन चालू ठेवून, चेहरा दगडासारखा करून बसू लागला. त्याला ऐकू काय यायचं? तूर महागली. नळाला पाणी नाही. मोतीरामच्या घरी पाहुणे आले. इतकं साधं बोलणं ऐकून त्याचा संशय आणखीनच बळावला. कुठेतरी पाणी मुरतंय, नाहीतर माणसं इतकी साधी बोलतील कशी?

दिवसभर चालू ठेवल्यावर सेल टिकणार किती? चार-पाच दिवसांत तो कुजबुजायचा आणि मग मुका व्हायचा. बॅटरीचे जाडे सेल पानाच्या ठेल्यावरही मिळत, पण हे बारीक सेल अकोल्यात एकाच दुकानात यायचे, आणि तिथंही कधी मिळायचे, कधी पंधरा-पंधरा दिवस माल यायचा नाही. मग वस्तीतले सगळे जे करत तेच जानरावानं केलं. सेल उन्हात ठेवला. न्हाणीला लागून कमरेच्या उंचीवर एक पत्रा होता. त्यावर मिरच्या वाळायच्या, गव्हाच्या पिठाच्या सरगुंड्या वाळायच्या, आणि बॅटरीचे सेलही वाळायचे. उन्हानं सेलात थोडा जीव येतो, तास-दोन तास बॅटरी पिवळी का होईना पेटते, हे सर्वांना माहीत होतं. पण जानरावाच्या सेलाचं नवल असं की दिवसभर उन्ह खाऊन तो उतरला की मशीन नव्यासारखं बोलायचं आणि पुन्हा चार दिवस चालायचं!

जानरावाला अस्मान ठेंगणं झालं. त्यानं त्याचं शास्त्र केलं. सेल आडवा ठेवायचा, पितळी टोपी पूर्वेला, खाली काळं फडकं, बारा वाजता पापडासारखा एकदा फिरवायचा. वस्तीतली माणसं आपले सेल घेऊन त्याच्याकडे येऊ लागली. त्यांचे सेल मात्र तासाभरापलीकडे जात नसत. "तुमी टोपी उत्तरेले करता अन् मंग उन्हाले नावं ठेवता," असं तो त्यांना ऐकवायचा.

एका रविवारी पंजाबरावानं वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं. अमेरिकेनं आभाळात यंत्र सोडलंय, त्याच्या अंगावर पाट्या बसवल्यात, त्या उन्हाची वीज करतात आणि त्यावर आतले सेल भरतात.

"टोपी कोन्या बाजूनं ठेवतात, थे लिवलं काय?" जानरावानं विचारलं.

"थे नाही लिवलं, बाबा."

"लिवतीनच कसे! असली गोष्ट कोनी सांगते काय?" जानराव समाधानानं म्हणाला. अमेरिकेवरही त्याचा संशय होता, पण तो आदराचा.

फाल्गुनात पंजाबरावानं मैनेसाठी स्थळ आणलं. मुलगा श्रावण, अंजनगाव सुर्जीला शाळेत मास्तर. मुलाचे काका खुशालराव हे पंजाबरावाच्याच कचेरीत, त्याच्या वरच्या खुर्चीवर. पाहुणे तीन आठवड्यांनी रविवारी येणार होते. जानरावानं मशीनचा आवाज पुरता वाढवला आणि एकच विचारलं.

"रस्ता हाय काय?"

"डांबरी रस्ता हाय, बाबा. मोटर चारदा जाते दिवसातून."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात बी जाते."

जानरावाच्या छातीवरचा दगड हलला. पोरगी रस्त्यावरच्या गावी जावी, पूर आला तरी तिच्यापर्यंत पोचता यावं, याखेरीज त्याला देवाकडून, माणसाकडून काही नको होतं. पण खुशालराव वरच्या खुर्चीवरचे आहेत हे कळलं आणि तो पंजाबरावाकडे बघतच राहिला. वरच्या साहेबाला पंजाब नाही म्हणेल काय? या बैठकीत पोराचा भरवसा धरायचा नाही. एकेक शब्द स्वतःच्या कानानं ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचं. केशरच्या वेळचं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

"बाबा, अमरावतीहून दोन नवे सेल आनू काय त्या दिवसासाठी?" पंजाबरावानं विचारलं.

"काही जरूरत नाही. माहे सेल उन्हावर चालतात," जानराव म्हणाला. हे वाक्य त्याला पुढं फार महागात पडलं.

बैठकीला चार-पाच दिवस उरले असताना त्याला पहिला पुरावा सापडला. सकाळी पत्र्यावर टोपी पूर्वेला करून ठेवलेला सेल अकराच्या सुमारास पाहतो तर टोपी पश्चिमेला! तो स्वतः फिरवायला बारा वाजता यायचा, आणि अजून बारा वाजले नव्हते. जानराव पत्र्याजवळ उभा राहिला आणि विचार करू लागला. सेल आपोआप फिरत नाही. कोणीतरी उचलला आणि ठेवला. किंवा एक उचलला आणि दुसरा ठेवला. असले बारीक सेल आणखी कोणाला लागतात? उत्तर भिंतीपलीकडेच होतं. शेजारचा मोतीराम रेल्वेत फिटर होता. त्यानं तळहातावर मावेल असा ट्रान्झिस्टर घेतला होता, आणि त्यात असलेच चार सेल पडत.

सगळं लख्ख झालं. आपण टोपी पूर्वेला करून, फडकं घालून, जिवापाड जपून सेल भरायचा. इंदूनं तो मोतीरामच्या बायकोला, गोदाबाईला द्यायचा आणि तिथला मेलेला आपल्याला. मोतीरामचा रेडिओ दिवसभर गातो तो काय उगाच? पण मग आपलं मशीन कसं चालतं, हा प्रश्न जानरावाला पडला नाही. संशयाला गणित लागत नाही.

त्यानं खिळा घेतला आणि पत्र्यावरचा एक व मशीनमधला एक अशा दोन्ही सेलांच्या बुडाशी, जिथं जस्त उघडं असतं, दोन-दोन आडव्या रेघा कोरल्या. कोणाला सांगितलं नाही. पुढचे दिवस तो डोळ्यात तेल घालून बसला. बैठकीच्या आदल्या शुक्रवारी एक सेल संपला. त्यानं तो पत्र्यावर ठेवला आणि दुसरा मशीनमध्ये घातला. पाळतीसाठी आवाज पुरता वाढवून ठेवलेला, म्हणून शनिवारी सकाळपासूनच हा दुसराही कुजबुजू लागला आणि अकराच्या सुमारास मुका झाला. हरकत नव्हती. पत्र्यावरचा कालपासून उन्ह खात होता, संध्याकाळपर्यंत तट्ट भरणार होता. जानराव न्हाणीमागं, पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला जाऊन बसला.

इंदूबाई आली. इकडेतिकडे पाहिलं. पत्र्यावरचा सेल उचलला, पदरातून दुसरा काढून त्याच्या जागी ठेवला, आणि उचललेला घेऊन मोतीरामच्या अंगणात शिरली.

जानरावानं तिला तिथंच गाठलं. गोदाबाईच्या दारात, दोन बायका भांडी घासत असताना, त्यानं सुनेचं मनगट धरलं आणि मूठ उघडली. बुडाशी दोन रेघा. त्याचाच सेल!

"चोर!" तो ओरडला. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. अख्ख्या वस्तीनं ऐकलं. "माह्या घरात चोर हाय! सासऱ्याचा कान इकून राहिली हे!"

इंदूबाईचे ओठ हलत होते. गोदाबाईही हात वर करून काहीतरी सांगत होती. जानरावाला फक्त हलणारी तोंडं दिसत होती, आणि चोराची तोंडं हलणारच. तो तरातरा मागं गेला, पत्र्यावरचा बिनखुणेचा सेल उचलला आणि गोदाबाईच्या अंगणात भिरकावला. "तुमचा तुमाले लखलाभ!" सेल दगडावर आपटून गटारात गेला. इंदूबाई त्याच्यामागं धावली, गटाराशी वाकली आणि मग तोंडावर पदर घेऊन तशीच बसून राहिली.

जानरावानं विजयी मुद्रेनं आपला खुणेचा सेल मशीनमध्ये घातला. मशीन बोललं नाही. पुसून घातला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा घातला. अक्षर नाही. पिऊन टाकला सगळा त्या रेडिओनं, त्यानं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी पंजाबराव आला तो रिकाम्या हातानं. आणू नको म्हणून सांगितलंच होतं. तसाच सायकल घेऊन दुकानात जाऊन आला. हातानंच सांगितलं, माल नाही. मोतीरामही ट्रान्झिस्टर घेऊन भुसावळला ड्यूटीवर गेला होता, मंगळवारशिवाय यायचा नव्हता. जानरावानं पोराला सुनेची सगळी चोरी ऐकवली. पंजाबराव बराच वेळ काही बोलत राहिला. त्यातलं काही पोचलं नाही.

रविवारी उन्ह निघाल्याबरोबर जानरावानं दोन्ही सेल पत्र्यावर मांडले. टोप्या पूर्वेला, खाली काळं फडकं. स्वतः शेजारी स्टूल टाकून बसला. एक चिमणी पत्र्यावर बसली तर तिलाही हाकललं. आज कोणाचा हात लागू द्यायचा नाही. मार्चातलं वऱ्हाडी उन्ह, नऊ वाजेपर्यंत पत्र्याला हात लावता येईना. सेल चांगले गरम झाले. त्यानं एक मशीनमध्ये घातला. काही नाही. दुसरा घातला. काही नाही. पाहुणे साडेदहाला यायचे होते. त्यानं पुन्हा पहिला घालून पाहिला.

तेवढ्यात मैना पाटी घेऊन आली. जानराव फॅक्टरीतल्या रात्रशाळेत वाचायला शिकला होता, हे ती जाणून होती. तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

"बाबा, उन्हानं सेल भरत नाही. मोतीरामभाऊंच्या रेडिओतून उतरवलेले सेल वहिनी पत्र्यावर ठेवते. रेडिओला ते पुरत नाहीत, पण तुमच्या मशीनला चालतात. दसऱ्यापासून हेच चाललं आहे. मेलेला सेल घरात सापडू नये म्हणून ती तो गोदाबाईकडे नेऊन टाकते. काल तुम्ही फेकला तो शेवटचा चांगला सेल होता."

जानरावानं ते दोनदा वाचलं. मग पत्र्यावरच्या काळ्या फडक्याकडे पाहिलं. त्याला एकाएकी फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही राग आला.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मैनेनं पाटी पुसली. "सांगणार होती. पण पहिल्यांदा मशीन बोललं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात की तिला बोलवेना."

मैना जायला निघाली तसा जानरावानं तिचा हात धरला. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडला. "अन् केशरच्या टायमाले? तवा तर मशीन-बिशीन नवतं. तवा काहून कोनी मले थांबवलं नाही? तू बी होती तठी."

मैनेनं पाटी पुन्हा पुसली. मग तिनं हळूहळू लिहिलं.

"मी वहिनीच्या मागे उभी होते. दादाला वाटलं तुम्हाला सगळं आधीच माहीत आहे. वहिनी दारात येऊन दोन्ही हातांनी नको नको म्हणत होती. तुम्ही डोळे वटारले आणि आत जा म्हणालात."

जानरावाला ते हात आठवले. लग्न होऊन चार महिने झालेली पोर, परक्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर सरकलेला, चेहरा वेडावाकडा झालेला. तो त्याला हसू म्हणून आठवत होता. ती घाबरून गेली होती. आणि आपण तिला हाकललं, मग पाहुण्यांकडे वळून हो म्हटलं.

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. इंदूबाई पोहे परतत होती. कालपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"इंदू, माहं चुकलं," तो म्हणाला. "काल बी चुकलं, अन् सहा वर्सांपासून चुकून राहिलो."

ती काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. तिनं फक्त सराटा खाली ठेवला आणि डोळे पुसले.

पाहुणे वेळेवर आले. जयभीम झाला, दरीवर बैठक बसली. खुशालराव भारदस्त माणूस, पांढरंशुभ्र धोतर, हातात घड्याळ. श्रावण मात्र साधा, नाकासमोर बघणारा. जानरावाच्या पाया पडला तेव्हा डोळे वर करून हसला. जानरावाला मुलगा बघताक्षणी आवडला. केशरच्या वेळी मुलाकडे नीट पाहिलंही नव्हतं. आज पाहिलं आणि मनाशी म्हटलं, सोनं आहे पोरगं, वर अंजनगावला डांबरी रस्ता.

खुशालराव बोलायला लागणार तेवढ्यात जानरावानं हात वर केला. "थांबा," तो नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाला. "इंदू, इकडे ये. माह्यापाशी बस."

खोलीतली सगळी तोंडं दाराकडे वळली. बैठकीत सून येऊन बसायची रीत नव्हती. पंजाबरावानं डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. इंदूबाई दारात आली आणि तिथंच घुटमळली.

"माहं मशीन बंद हाय," जानराव पाहुण्यांना म्हणाला. "तुमी जे बोलसान, थे हे ऐकल. मले इच्यापासून समजल."

खुशालरावांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी मान डोलावली. इंदूबाई पदर सावरून सासऱ्याच्या उजव्या बाजूला, थोडी मागं बसली. बोलणं सुरू झालं. जानराव पाहुण्यांची तोंडं पाहत नव्हता, तो सुनेचं तोंड पाहत होता. सहा वर्षं याच तोंडावर त्यानं शिव्या आणि कारस्थानं वाचली होती. आता तिथं काही लिहिलेलंच नव्हतं, ती नुसती कान देऊन ऐकत होती. पोहे झाले. पंजाबराव हसत होता, मान हलवत होता. मैना चहा ठेवून आत गेली. श्रावणनं खाली मान घातली. खुशालराव जरा पुढं सरकून, बोट उचलून काहीतरी सांगू लागले, आणि इंदूबाईच्या ओठांच्या कडा घट्ट झाल्या. तिनं दाराकडे एकदा पाहिलं.

खुशालरावांचं संपलं. त्यांनी जानरावाकडे पाहून प्रश्न केला. प्रश्न होता हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. सगळे थांबले. पंजाबराव बापाकडे बघून भराभरा मान हलवू लागला. हो म्हणा, हो म्हणा.

जानराव सुनेकडे वळला. तिनं त्याच्या डोळ्यात पाहिलं आणि दोनच शब्द सावकाश उच्चारले, मान आडवी हलवत.

"नाही म्हना."

का, हे विचारायला वेळ होता. खुशालराव काही पळून जात नव्हते. श्रावणचा तो साधा, पाया पडलेला चेहरा समोर होता. डांबरी रस्ता होता. पंजाबच्या वरची खुर्ची होती. जानरावाच्या मनात जुना किडा वळवळला सुद्धा: हिला काय पडलंय, हिची काय पोरगी आहे? त्यानं तो तिथंच चिरडला.

"आमचं जमत नाही," त्यानं हात जोडून सांगितलं. "पोरगा चांगला हाय तुमचा. पन आमचं जमत नाही."

पुढचं त्याला नुसतं दिसलं. खुशालराव उठले. चहा तसाच राहिला. श्रावणनं जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला. पंजाबराव फाटकापर्यंत त्यांच्यामागं गेला, काहीतरी विनवत राहिला, आणि परत आला तो लालबुंद होऊन. बापाच्या कानाशी तोंड नेऊन तो इतक्या जोरानं ओरडला की थोडंसं खरंच पोचलं.

"काहून नाही म्हटलं, थे तरी मालूम हाय काय तुमाले?"

"नाही," जानराव म्हणाला. "थे आता इचारतो. इंदू, काय म्हने ते?"

इंदूबाई समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. न समजलं तिथं मैनेनं पाटीवर लिहिलं. खुशालराव म्हणाले होते की मुलगी पसंत आहे, लग्न वैशाखात करू, पण आमच्या घरात बाई कमवायला जात नाही; ट्रेनिंग उद्यापासूनच बंद करा, अर्धवट राहिलं तरी चालेल, शिकलेल्या पोरीचं तोंड फार चालतं. श्रावण त्यावर एक शब्द बोलला नाही.

जानरावानं ते सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं आणि वाचलं.  ट्रेनिंग. पोरीचं ट्रेनिंग त्याच्या मनात कुठंही नव्हतं. त्याच्या मनात होती नदी, पूर, अलीकडे थांबलेली जीप. खुशालरावांचे हेच शब्द त्याच्या कानात नव्या सेलानं अगदी खणखणीत पडले असते, तर त्यानं काय केलं असतं? रस्ता डांबरी आहे ना, मग ट्रेनिंगचं काय घेऊन बसलात, असंच म्हणाला असता.

मैना दारात पाटी छातीशी धरून उभी होती. जानरावानं तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात, साऱ्या घराला ऐकू जाईल असं, तो म्हणाला,

"म्या माह्या कानानं ऐकलं असतं ना इंदू, तर म्या हो म्हटलं असतं."